मालकांची फुंकणी

"पाणी किती डिग्रीला उकळतं?"

सोलापुरात भवानी पेठेतल्या त्या घरी मी खोली बघायला गेले, तेव्हा घरमालकांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. त्याआधी चार घरमालकांनी नाव, गाव, जात आणि 'लग्न का नाही केलं अजून' हे विचारून झालं होतं. त्या सगळ्याची उत्तरं मला पाठ झाली होती. मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायला मी साताऱ्याहून नुकतीच आले होते आणि दुपारभर उन्हात फिरून माझं डोकं तापलं होतं. मी जरा तुटकपणेच म्हटलं, "ते दाबावर आहे. दाब वाढला की जास्त डिग्रीला उकळतं."

मालक आत तोंड करून म्हणाले, "अगं, बाईंना खोलीची किल्ली दे."

माझ्या आधी बँकेतले एक गृहस्थ येऊन गेले होते, असं पुढे कळलं. ते 'शंभर' म्हणाले आणि आल्या पावली परत गेले.

सोलापुरात कुणालाही मालक म्हणतात. भाजीवाला मालक, टांगेवाला मालक, उशिरा आलेला शिपाईसुद्धा मालक. आमचे मालक मात्र कागदोपत्री मालक होते आणि त्यांच्या घरात सत्ता त्यांच्या बायकोची, म्हणजे काकूंची होती. मालकांनी तीस वर्षं गिरणीच्या बॉयलरवर काढलेली. निवृत्त होताना त्यांनी गिरणीतून एक जुनं दाबाचं घड्याळ मागून आणलं होतं. काटा असलेलं, पौंडात दाब दाखवणारं. ते देवघराशेजारच्या खिळ्यावर टांगलेलं असे आणि सणावाराला त्यालाही कुंकू लागे.

जगातली प्रत्येक गोष्ट ते पौंडात मोजत. चहा फार उकळला की "लई पौंड चढवले आज" असं म्हणत. आमच्या हेडमास्तरीणबाई एकदा मला भेटायला घरी आल्या आणि गेल्या, तेव्हा मालक त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघून म्हणाले, "बाई, ह्यांच्यापासून जरा लांब ऱ्हावा. सेफ्टी वॉल जाम हाय." म्हणजे जादा वाफ सोडणारी झडप अडकलेली; दोन महिन्यांनी त्याचा प्रत्यय मला स्टाफरूममध्ये आला.

सकाळी गिरणीचा भोंगा झाला की ते खाकी अर्धी चड्डी घालून अंगणात उभे राहत आणि लांबच्या धुराड्याकडे बघत. धूर करडा असला तर मान हलवून चूळ भरायला जात. काळा असला तर त्यांचा दिवस बिघडे. "काळा सोडलाय. निजला असंल लेकाचा. कोळसा काय बापाचा हाय?" त्यांच्या जागी आलेल्या माणसाला त्यांनी मुकादमाकरवी इतके निरोप पाठवले, की शेवटी त्यानं दारावर येऊन हात जोडले.

आता गाडीविषयी. गिरणीतला कुणी साहेब बदलून गेला, तेव्हा त्याची जुनी विलायती गाडी मालकांनी घेतली. मी तिथं राहायला गेले त्याच्या नऊ वर्षं आधी. गोल दिवे, फुगलेले गाल आणि इंजिनात दम म्हणाल तर नावालाच. आमच्याकडे नवी गाडी घरात आली की आधी तुळजापूरला देवीच्या पायाशी न्यायची पद्धत. काकू ठेवणीतलं लुगडं नेसून, नारळ-ओटी घेऊन पुढच्या सीटवर बसल्या. तुळजापूरच्या अलीकडे घाट लागतो. त्या घाटातल्या तिसऱ्या वळणावर गाडी थांबली, धुसफुसली, पाणी ओकली आणि मागे सरकायला लागली. काकूंनी उडी मारून चाकाला दगड लावला. मागून एस्टी आली. तिच्या खिडक्यांतून पन्नास माणसं बघत होती, हसत होती. शेवटी एका शेतकऱ्यानं बैल जुंपून गाडी बाजूला घेतली. काकू तिथून चालत देवीला गेल्या आणि एस्टीनं घरी आल्या.

घरी आल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "देवीनं हिला वर येऊ दिलं न्हाई. ही आपल्या पायानं वर गेली की मग मी बसंन."

आणि खरंच त्या बसल्या नाहीत. मी जे बघितलं ते असं: मंगळवारच्या बाजाराला काकू टांग्यानं निघत, टांग्याच्या मागोमाग मालक गाडी घेऊन निघत, आणि येताना काकू टांग्यात, पिशव्या गाडीत. सगळ्या पेठेला ही करमणूक होती. पानाच्या दुकानावरून कुणीतरी ओरडे, "मालक, कांद्याला बसवलं की फुडं!" मालक हात वर करून पुढं जात. मला पहिल्यांदा फार हसू आलं होतं. नंतर एकदा शाळेत सोडताना ते मला म्हणाले, "बाई, भरल्या गाडीला जेवढा जोर लागत न्हाई, तेवढा रिकाम्या शिटाला लागतोय." त्यानंतर मी त्या टांग्याला हसले नाही.

दरवर्षी दिवाळीनंतर ते एकटेच घाटावर जात आणि दरवर्षी तिसऱ्या वळणावरून परत येत. इंजिन त्यांनी तीनदा सुटं करून पुन्हा बसवलं होतं. लोक सांगत, मालक, दुसरं दमदार इंजिन टाका. मालकांचं एक ठरलेलं उत्तर होतं: "खर्च करून कुणीबी चढंल. त्यात माझं काय?"

मी राहायला गेले त्या वर्षी ते जुने पाइप बघायला टेंभुर्णीला एका भंगारवाल्याकडे गेले. उजनीच्या धरणावरची मोडकी यंत्रं त्याच्याकडे आली होती. संध्याकाळी मालक एका ट्रकमधून उतरले, ते कवेत चादरीत गुंडाळलेलं काहीतरी घेऊन. बाळंतिणीनं माहेराहून मूल आणावं तशी त्यांची चाल. चादर उलगडली तर आत शंखासारखं पीळ पडलेलं, तेलकट, काळं लोखंड. काकूंनी आधी त्यांच्या मनगटाकडे बघितलं.

"घड्याळ कुटं हाय?"

"दिलं त्याला. भोंगा असताना घड्याळ कशाला?"

ते मनगटी घड्याळ त्यांना गिरणीनं निवृत्तीच्या वेळी दिलेलं. त्या रात्री काकूंनी भाकरी जरा जोरात थापल्याचा आवाज माझ्या खोलीपर्यंत आला.

त्या वस्तूचं नाव टर्बोचार्जर, हे मला माहीत होतं. पुस्तकात अर्ध्या पानावर चित्र होतं. मालकांनी त्याचं नाव फुंकणी ठेवलं आणि पेठेला असं समजावून दिलं, की मला वर्गात कधी जमलं नसतं. "चुलीला फुंकर घातली की जाळ वाढतोय न्हवं? तसंच हाय. इंजिनाचा धूर नुसता मागनं वाया जातोय. त्या धुराला हा पंखा फिरवायला लावायचा. त्याच दांड्यावर पलीकडं दुसरा पंखा हाय, तो बाहेरची हवा इंजिनात कोंबतोय. जास्त हवा, जास्त जाळ. फुंकायला माणूस नको, धूरच फुंकतोय."

हे धूड मुळात दगड फोडायच्या हवेच्या यंत्रावरचं, डिझेल इंजिनासाठी केलेलं. आमच्या गाडीला ते थोडं मोठंच होतं. मालकांनी गिरणीच्या भंगारातले पाइप वाकवून ते धुराच्या नळीवर बसवलं, त्याला तेल पाजायला एक बारीक नळी काढली. सगळं जमलं. अडलं ते एका डब्यापाशी. ज्या कार्बोरेटरमध्ये पेट्रोल आणि हवा एकत्र होतात, त्याला चारी बाजूंनी बंद पेटीत ठेवायला हवं होतं, म्हणजे कोंबलेली हवा बाहेर निसटणार नाही. मालकांनी वनस्पती तुपाचा डबा लावला. डबा फुगला आणि फाटला. बिस्किटांचा पत्र्याचा डबा लावला, त्याचं झाकण उडून शेजारच्या मागावर जाऊन पडलं आणि चादर विणता विणता तिथल्या विणकरानं तेलुगूत जे काय म्हटलं, त्याचा अर्थ आम्ही कुणी विचारला नाही.

सात-आठ दिवस मालक अंगणात नुसते बसून होते. एका रविवारी सकाळी काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. हातात त्यांचा प्रेशर कुकर, घासून पुसून कोरडा केलेला. भावानं दिवाळीत दिलेला, सगळ्या आळीत पहिला. त्यांनी तो गाडीच्या बॉनेटवर ठेवला.

"डाळ पातेल्यात शिजंल," एवढं म्हणून त्या आत गेल्या.

मालक त्या कुकरकडे बघत राहिले. मग त्यांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली. बोलायचं काही सुचलं नाही की ते असं करत.

कुकरच्या बुडाला भोक पाडून तो इंजिनावर बोल्टांनी बसला, कार्बोरेटर त्याच्या पोटात गेला. कार्बोरेटर तपासायचा तर कुकर उघडायचा. आणि तेव्हा मालकांच्या लक्षात आलं, की ज्या गोष्टीची त्यांना सगळ्यात जास्त धास्ती होती तिचं उत्तर काकूंनी कुकरबरोबरच दिलं होतं. पाच पौंडांच्या वर हवा कोंबली गेली तर पिस्टनला भोक पडणार. बॉयलरवरच्या माणसाला सेफ्टी वॉल्व्हशिवाय झोप येत नाही. आणि कुकरची शिट्टी म्हणजे दुसरं काय? फक्त ती उचलते पंधरा पौंडाला.

"बाई, हिला पाचावर आणायची. किती घासू?"

"वजन एक तृतीयांश करा," मी म्हटलं.

हे सांगायला सोपं होतं. मालक एक दिवस कानशीनं घासत, दुसऱ्या दिवशी मी शिट्टी पर्समधून शाळेत नेऊन प्रयोगशाळेच्या तराजूवर तोलत असे. तिसऱ्या खेपेला हेडमास्तरीणबाई दारात उभ्या. तराजूच्या एका पारड्यात कुकरची शिट्टी, दुसऱ्यात ग्रॅमची वजनं. मी त्यांना म्हटलं, "मुलींना घनता शिकवतेय." वर्गात एकही मुलगी नव्हती. सेफ्टी वॉल्व्हबद्दल मालकांचं निदान किती अचूक होतं, ते मला त्या दिवशी पुन्हा एकदा कळलं.

शिट्टी तयार झाली, तरी गाडी पळेना. फुंकणी जोरात आली की नेमकं त्याच वेळी इंजिन बंद पडे. मालकांनी इंजिन उलटंपालटं केलं. मला त्यातलं काही कळत नव्हतं म्हणून मी अडाण्यासारखा प्रश्न विचारला, "कुकरात दाब आहे, तर बाहेरून पेट्रोल आत शिरतं कसं?"

मालकांनी पाना खाली ठेवला. कपाळावर हात मारला. "तीस वर्सं मी बॉयलरात पानी घातलं. बॉयलरात शंभर पौंड असंल तर पंपाला त्याच्या वर जोर लावावा लागतोय, न्हाईतर पानी आत जातच न्हाई. आन हितं मी इसरलो." कुकरातून एक रबरी नळी पेट्रोलच्या पंपाच्या पाठीकडे जोडली, म्हणजे पंपालाही तेवढाच जोर मिळाला. दुपारी गाडी रेल्वेच्या पुलावर दोन माणसं घेऊन तिसऱ्या गिअरमध्ये चढली. मालकांनी येताना माझ्यासाठी शेंगाचटणीचा पुडा आणला. आयुष्यात मला मिळालेलं तेवढं एकच पारितोषिक.

मालक इथं थांबले असते तर बरं होतं. पण खंडेनवमी आली. त्या दिवशी सोलापुरात ज्याच्या घरी हातोडी आहे तोही तिला फुलं वाहतो, मग मालकांकडे तर काय. काकूंनी सगळी हत्यारं, दाबाचं घड्याळ, माझी मोजपट्टीसुद्धा पुजली. गाडीला मात्र हात लावला नाही, कारण तिची पहिली पूजा देवीपाशी व्हायची होती. मालकांना राहवलं नाही. त्यांनी बॉनेट उघडून फुंकणीच्या गळ्यात चांगला जाड झेंडूचा हार घातला, पेठेतली वीस-पंचवीस माणसं जमवली, आणि कापूर लावून, इंजिन सुरू करून ऐटीत पाय दाबला.

फुंकणीचं तोंड उघडंच होतं. हार डोळ्यांदेखत आत गेला. गाडी खोकली, शिंकली, दोन बार काढले, शिट्टीच्या भोकातून झेंडूच्या पाकळ्या अंगणभर उडाल्या आणि मग सगळं शांत झालं. लोक इतके हसले, की पानवाला खाली बसला.

फुंकणीच्या दांड्याला गुंडाळलेला दोरा मालक चिमट्यानं तासभर काढत होते. पाती शाबूत होती, हे नशीब. पुढं त्यांनी फुंकणीच्या तोंडाला मलमलीची गाळणी बांधली. पण त्याच दुपारी काकू ओसरीवरून म्हणाल्या, "देवीच्या आधी हिला हार घातलाव. आता एकच खेप. दिवाळीनंतरचा मंगळवार. न्हाई पोचली, तर भंगारवाला बोलवा, माझ्या दारात नको ती."

मालक "बरं" म्हणाले.

मला काकूंचा राग आला. मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडावर म्हटलं, "काकू, इतकं कशाला ताणता? बसलात एकदा गाडीत तर देवी काय शाप देणार आहे?"

काकू पातेल्यातली डाळ घोटत होत्या. न शिजलेला दाणा त्यांनी बोटांत चुरून बघितला. "बाई, तुमाला वाटतंय मी गाडीवर रुसले. ती येस्टीतली माणसं हासली ना, ती मला न्हाई हासली, ह्यांना हासली. दरवर्सी हे तितं जात्यात आन दरवर्सी कुणीतरी हासतंय. मी शिटावर बसले तर वजन माझंच हुनार, आन हासणार ह्यांना. आता बघितलं न्हवं अंगणात? एक तर पोचू दे, न्हाईतर जाऊ दे. मला आता ऐकवत न्हाई." त्यांनी रवी खाली ठेवली आणि पदरानं डोळे पुसले. मी खोलीत परत आले. मला स्वतःचीच लाज वाटली.

दिवाळीनंतरचा मंगळवार उजाडला. काकू ओटी घेऊन सकाळच्या एस्टीनं पुढं गेल्या. जाताना मला म्हणाल्या, "तुमी बसा त्यांच्या शेजारी. आकडे वाचायला कुणीतरी पायजे." गिरणीचं दाबाचं घड्याळ मालकांनी नळी ओढून पुढं बसवलं होतं आणि पाचाच्या आकड्यावर तांबडी रेघ मारली होती. अर्ध्या तासानं आम्ही निघालो. तामलवाडी गेली, माळ सुरू झाला, आणि पुढं घाटाचा डोंगर दिसायला लागला तशी मी त्या तांबड्या रेघेकडे पुन्हा पुन्हा बघायला लागले. मालक मात्र धुराड्याकडे बघायचे तसे रस्त्याकडे बघत होते.

फुंकणीची एक खोड होती. पाय दाबला की लगेच जोर येत नसे. चार-पाच अंक मोजावेत, मग येई. गॅरेजवाल्या तिघांनी गाडी चालवून बघितली होती आणि तिघेही म्हणाले होते, की हिच्यावर घाट चढणं अशक्य, चढ लागल्यावर दाबलं तर जोर यायच्या आत गाडी थांबते. मालक त्यांना हसले होते. "कोळसा टाकल्या टाकल्या वाफ येती का? सातला माग सुरू व्हायचे तर मी साडेसहाला जाळ वाढवायचो."

ते घाटात तसंच करत होते. वळण दिसायच्या आधी, रस्ता अजून सपाट असतानाच, ते पाय पूर्ण दाबत. गाडी आधी काहीच करत नसे. मी काट्यावर डोळे लावून बसे. आणि बरोबर चढ लागायला काटा उचले.

"दोन," मी वाचलं. "तीन. साडेतीन."

पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. पाणी उकळलं नव्हतं. तिसऱ्या वळणाच्या अलीकडे मालकांनी पाय दाबला, काटा चारावर गेला, आणि समोर एस्टी आली. आमच्याच दिशेनं चाललेली, पहिल्या गिअरमध्ये, माणसांनी भरलेली, मुंगीच्या पावलानं चढणारी.

आता पाय काढला की जोर गेला. पुन्हा यायला चार-पाच अंक, आणि तेवढ्यात गाडी त्याच दगडांपाशी उभी राहणार होती जिथं ती नऊ वर्षं उभी राहिली होती. मी मालकांकडे बघितलं. त्यांचा पाय होता तिथंच होता.

"बाई, किती?"

"साडेचार. मालक, पुढं एस्टी—"

"एस्टीचं मी बघतो. तुमी आकडा बघा."

"पाच," मी म्हटलं, आणि शिट्टी झाली.

स्वयंपाकघरातली शिट्टी ऐकणं वेगळं. घाटात, दोन्हीकडे डोंगर असताना, थांबायचं नाव न घेणारी ती किंकाळी मी जन्मात विसरणार नाही. एस्टीच्या ड्रायव्हरला मागून काय येतंय ते कळेना; त्यानं सरळ गाडी डोंगराच्या अंगाला घेतली आणि हात बाहेर काढून हलवला. आम्ही तिच्या बाजूनं वर निघालो. एकेक खिडकी मागे पडत होती. प्रत्येक खिडकीत दोन-दोन तोंडं होती आणि एकही हसत नव्हतं. शेवटून तिसऱ्या खिडकीत काकू होत्या. नंतर कळलं, की सकाळची पहिली एस्टी बिघडली होती आणि त्या दुसऱ्या गाडीनं निघाल्या होत्या. त्यांनी हात हलवला नाही, हाक मारली नाही. तोंडावर पदर दाबून त्या नुसत्या बघत होत्या. मालकांना त्या दिसल्या नाहीत, कारण त्यांचे डोळे रस्त्यावर होते. मी त्यांना सांगितलंही नाही. मी आकडा वाचत राहिले.

वर पोचल्यावर मालकांनी गाडी कडेला घेतली. खाली उतरून रेडिएटरवर हात ठेवला. तापलेला होता, पण हात ठेवता येत होता. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. मग मैलाच्या दगडावर बसून ते लहान मुलासारखे रडले. मीही रडले. मला ते सांगायला आता काही लाज वाटत नाही.

एस्टी आली आणि थांबली. ड्रायव्हर, कंडक्टर, निम्मे उतारू खाली उतरले. ड्रायव्हर म्हणाला, "मालक, बॉनेट खोला, मला बघू द्या की काय हाय." मालकांनी उघडलं. ड्रायव्हरनं कुकर बघितला, पुन्हा मालकांकडे बघितलं. "आत काय शिजतंय म्हणायचं?"

गर्दीच्या मागून काकूंचा आवाज आला. "नऊ वर्सं ठिवलंय शिजायला. आज झालं."

मग लोक हसले. ते हसणं मी अजून कानांत जपून ठेवलंय. कंडक्टरनं मालकांच्या पाठीवर थाप मारली, कुणीतरी त्यांना पान दिलं.

तुळजापुरात गाडी महाद्वाराच्या अलीकडे उभी करून काकूंनी तिची पूजा केली. चाकांखाली लिंबं ठेवली, बॉनेट उघडायला लावून कुकरलाही हळदकुंकू वाहिलं. देवीचं दर्शन घेऊन आल्या. मी मागचं दार उघडून मागे बसले. काकूंनी निऱ्या सावरल्या आणि पुढच्या सीटवर बसल्या. मालक किल्ली फिरवायचंच विसरले. "चला की," काकू म्हणाल्या.

गाडी घाट उतरायला लागली. काकू दाबाच्या घड्याळाकडे बघत होत्या.

"काटा का हलंना ह्याचा?"

"उतार हाय. उताराला फुंकणीचं काम नसतंय."

 घाट संपला, शेतं लागली, आणि काकू एकदम म्हणाल्या, "थांबवा."

मालकांनी गाडी थांबवली. त्यांचा चेहरा मला आरशात दिसत होता, सगळं रक्त उतरलेलं. मलाही वाटलं, संपलं, आता या उतरणार.

"वळवा," काकू म्हणाल्या. "उतरताना काय कुणीबी बसंल. मला चढताना बसायचंय."

मालकांनी गाडी वळवली. पहिल्या वळणाच्या बरंच आधी त्यांनी पाय दाबला. मी सवयीनं मागून मान पुढं काढली, तर काकूंनी हातानं मला मागं सारलं.

"मी बघते," त्या म्हणाल्या. त्यांना ते आकडे वाचता येत नव्हते, पण तांबडी रेघ दिसत होती. दोन वळणं त्या काट्यावर बोट रोखून बसल्या. तिसऱ्या वळणावर चढ लागला, मालकांनी एकदा बाजूच्या भरलेल्या सीटकडे बघितलं, आणि इंजिन जड आवाजात वर निघालं.

"आला," काकू म्हणाल्या. "आला बघा रेघेवर."

"मग पाय काढू?" मालकांनी विचारलं.

"कशाला? दाबा की."